पान दोनशे बारा

पुस्तक जाड आहे. चाळीस वर्षांची नोकरी,
तीन संप, एक पूर, दोन महापौर तुरुंगात,
आणि छापखान्याला लागलेली आग, जी दर प्रकरणात
थोडी मोठी होत जाते.
मी पान दोनशे बारावर आहे. दीड ओळ.
"त्या हिवाळ्यात निधनवार्तांना एक पोरगी होती,
भडक माथ्याची, पण स्पेलिंग पक्कं."

एवढंच, प्रोकॉप?

मी सोळाची. शाळेच्या चौदा काचा फोडलेल्या,
पंधरावीला हात पोचला नाही.
न्यायाधीश म्हणाले, सुधारगृह की नोकरी?
उत्तर आईने दिलं.
डुलुथमध्ये तेव्हा सरोवर गोठलेलं,
खनिजाची जहाजं धक्क्याला थिजून उभी,
आणि मी संध्याकाळी सहा ते रात्री दोन
फोन कानाला लावून मेलेल्यांची नावं उतरवून घेत होते.
एकेक अक्षर. पुन्हा सांगा. डबल एन की सिंगल?
रडणारी बाई स्पेलिंग सांगताना रडायची थांबते,
हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्याच रात्री तुम्ही माझा कागद परत फेकलात.
"देवाघरी गेले असं लिहायचं नाही.
आपल्याकडे तो पत्ता नाही."
मेला तर मेला. कधी, कुठे, वय काय, मागे कोण.
त्या रात्री मी तुमच्या कॉफीत थुंकले होते.
तेही पुस्तकात नाही; तुम्हाला माहीतच नव्हतं म्हणा.

खाली ऑर्व्हिल शिशाच्या ओळी ओतायचा.
कोमट ओळ माझ्या तळहातावर ठेवून म्हणायचा, वाच.
उलटं वाचायला मी आठवड्यात शिकले.
सरळ वाचणं तोवर जमलंच नव्हतं,
निदान घरातलं.

फेब्रुवारीत क्लीव्हलंडहून फोन.
कांगास, आर्वो. वय सत्तेचाळीस. खलाशी.
मूळचे तुमच्या गावचे, म्हणून कळवतो, तो माणूस म्हणाला,
अंत्यविधीवाल्यांचा तो सपाट, सभ्य आवाज.
त्यांच्या पश्चात पत्नी डोरीन व दोन मुलगे असा परिवार आहे.
मी विचारलं, डोरीनमध्ये दोन ई ना?
हात थरथरला नाही. लोकांना वाटतं, थरथरतो.
सगळं टाइप केलं. मग कॅरेज मागे ओढली
आणि दोन मुलग्यांच्या पुढे, ओळीत मावेना तरी, ठोकलं:
व एक मुलगी.

तुमची लाल पेन्सिल तिथेच थांबली.
"हे कुणी सांगितलं?"
मी.
"एक सूत्र झालं. दुसरं?"
घड्याळात साडेबारा. तुम्ही आमच्या घरचा नंबर फिरवलात.
मी तुमच्या टेबलाच्या कडेचा रंग नखाने खरवडत राहिले.
आईला ती बातमी तुमच्याकडून कळली.
तुम्ही सांत्वन केलं नाहीत. मुलीचं नाव विचारलंत,
जन्मसाल विचारलंत, मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिलात,
फोनची वायर बोटाला गुंडाळत, सोडत, गुंडाळत.
माझे तीन शब्द तसेच राहिले.
समासात फक्त लिहिलंत: खात्री केली.

घरी गेले तेव्हा आई भांडी घासत होती, पहाटे तीनला,
घासलेलीच.

तीन संप, प्रोकॉप, आणि ही रात्र नाही.
विसरला असाल. किंवा आठवणींनाही
तुम्हाला दुसरं सूत्र लागत असेल,
आणि लिहायला बसलात तोवर आई गेली होती.
मेली होती. वय एकोणसत्तर, डुलुथ, राहत्या घरी.
तिच्या पश्चात एक मुलगी.

पान उलटते.
आग पुन्हा लागली आहे,
या खेपेला तीन मजल्यांना.